परक्या देशातल्या बंडखोरांना शिकवायचा हुकूम आला तर? एका जवानाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न विचारणारा जवान नायक हुद्द्यावर आहे आणि सध्या रजेवर भांडुपच्या घरी आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारं दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण देतात आणि काही वर्षांनी तेच गट उलटतात, हे तो वाचत आलाय. सीरियाच्या वेळी, 2013 मध्ये, अमेरिकन गणवेशातल्या माणसांचे चेहऱ्यासमोर निषेधाचा कागद धरलेले फोटो त्याने पाहिलेत. वडिलांच्या ओळखीतले एक सुभेदार श्रीलंकेतून जखमी होऊन परतले होते. तो विचारतो, "उद्या मला अशा एखाद्या गटाला ट्रेनिंग द्यायला पाठवलं तर मी नाही म्हणू शकतो का? आणि मनात अशी शंका येणं ही बेइमानी आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच जास्त टोचतोय असं दिसतं. नाही, शंका येणं बेइमानी नाही. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 17 खाली तुम्ही घेतलेली शपथ पुन्हा वाचा. तिच्यात निष्ठा भारताच्या संविधानाशी आहे. त्याला जोडूनच जमीन, समुद्र किंवा हवाई मार्गाने पाठवतील तिथे जाण्याचं आणि जिवावर बेतलं तरी वरच्या अधिकाऱ्याचे हुकूम पाळण्याचं वचन आहे. विचार करू नका, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिक्षा होते ती कृतीला: हुकूम मोडणं, नेमलेली जागा सोडणं, गुपित फोडणं, इतरांना चिथावणं. तुमच्या डोक्यात काय चाललंय याबद्दल कुणी तुम्हाला कोर्ट मार्शलसमोर उभं करू शकत नाही.

आता पहिला प्रश्न. त्यात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि ते सुटे केल्याशिवाय कुणीही तुम्हाला प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. सरकारचं धोरण शहाणपणाचं आहे का, हा एक. ते धोरण आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का, हा दुसरा. आणि तुम्हाला स्वतःला जे काम सांगितलं जाईल ते करणं गुन्हा ठरेल का, हा तिसरा. सैनिक बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की तिसऱ्याचं 'हो' धरून चालतो. तिथेच नोकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही जातं. उलट बाजूचाही धोका आहे: धोरण पटलं म्हणून त्याखाली सांगितलेलं प्रत्येक काम करून टाकणं.

मी मुंबईत सैन्यदलातल्या माणसांची सेवाविषयक आणि कोर्ट मार्शलची प्रकरणं चालवते. बरंच काही परिस्थितीवर ठरतं: काम देशात आहे की सीमेपलीकडे, गणवेशात आहे की साध्या कपड्यांत, तुम्ही ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर) मोडता का, हुकूम तोंडी आहे की लेखी, समोरचा गट कोण आहे आणि त्याने आजवर काय केलंय. खाली लिहिलेलं थलसेनेला लागू आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे असले तरी गाभा बराचसा तोच आहे.

धोरणाबद्दल आपल्याच इतिहासात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत, आणि ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिबाहिनीला भारतीय लष्कराने शस्त्रं दिली, शिबिरं चालवली. नौदलाने प्लासीजवळ तयार केलेल्या पाणबुडे कमांडोंनी 15-16 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथल्या बंदरांत जहाजं उडवली. त्या लढ्यात तीन गोष्टी जमून आल्या होत्या. एप्रिलमध्ये शपथ घेतलेलं बांगलादेशचं हंगामी सरकार होतं. सेनापती कर्नल उस्मानींच्या हाताखाली 11 सेक्टरांत वाटलेली फौज होती, म्हणजे चुकलं तर कुणाला जाब विचारायचा हे ठरलेलं होतं. आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही सैन्यांची संयुक्त कमान झाली. तरीही विजयानंतर दोनच दिवसांनी, 18 डिसेंबरला, ढाक्यात परदेशी छायाचित्रकारांच्या डोळ्यांदेखत मुक्तिबाहिनीच्या माणसांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारलं. ज्या युद्धाचा आपल्याला रास्त अभिमान आहे, त्याच्या शेवटीही हे घडलं. म्हणून कारण न्याय्य आहे एवढ्याने शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते असं मी मानत नाही.

दुसरा दाखला तुमच्या वडिलांच्या ओळखीतल्या सुभेदारांचा. 1983 नंतर श्रीलंकेतल्या एका नव्हे तर अनेक तमिळ गटांना भारतात प्रशिक्षण मिळालं. या गटांची एक कमान नव्हती, एक राजकीय नेतृत्व नव्हतं. 1986 मध्ये एलटीटीईने टेलो या दुसऱ्या गटाचा नेता श्री सबरत्नम याच्यासह त्याची माणसं मारून टाकली. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारात युद्धबंदीनंतर 72 तासांत शस्त्रं खाली ठेवण्याचं कलम होतं, पण कुणाकडे किती शस्त्रं आहेत याची पक्की मोजदाद नसेल तर असं कलम कागदावरच राहतं. ऑक्टोबरमध्ये भारतीय शांतिसेनेची एलटीटीईविरुद्धची मोहीम, ऑपरेशन पवन, सुरू झाली आणि जाफन्यात आपल्या जवानांसमोर सुरुंग आणि नेमबाज घेऊन एलटीटीई उभी राहिली. मुंबईत जन्मलेले, एसआयईएसमध्ये शिकलेले 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथेच धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये शांतिसेना परतली तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक गेले होते.

बाहेरचे दाखले पाहिले तरी बिघाड त्याच जागी सापडतात. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेशी लढणाऱ्या मुजाहिदीन गटांसाठी अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत जात होती, म्हणजे कुणाला किती द्यायचं हे देणाऱ्याने नव्हे तर मधल्याने ठरवलं, आणि त्याने स्वतःला सोयीचे गट पोसले. 1986 पासून दिलेली विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्रं नंतर पैसे मोजून परत विकत घ्यायची वेळ अमेरिकेवर आली. सीरियासाठी पेंटागॉनची 50 कोटी डॉलरची प्रशिक्षण योजना होती. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या मध्यपूर्वेतल्या फौजांचे प्रमुख जनरल लॉइड ऑस्टिन यांनी सिनेट समितीला सांगितलं की प्रत्यक्ष लढणारे चार-पाचच उरलेत. त्याच महिन्यात त्यातल्या एका तुकडीने सहा पिकअप गाड्या आणि काही दारूगोळा अल कायदाशी जोडलेल्या अल नुसराच्या मध्यस्थाच्या हवाली केला. दिलेल्या सामानाचा तो सुमारे चौथा हिस्सा होता. मधला माणूस, शस्त्रांच्या नंबरांची नोंद नसणं, अनेक गटांची आपसातली वैरं, आणि शस्त्रं परत घेण्याची आधी न केलेली सोय, या चार जागी अशी कामं फसतात. यातल्या दोन जागा, नोंद आणि परतावा, प्रशिक्षण देणाऱ्या जवानाच्या थेट हातात असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कायद्याच्या बाजूने सर्वात महत्त्वाचा निकाल 27 जून 1986 चा, निकाराग्वा विरुद्ध अमेरिका. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना शस्त्रं, पैसा आणि प्रशिक्षण देऊन अमेरिकेने दुसऱ्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचं बंधन मोडलं. नुसता पैसा देणं हा बळाचा वापर नाही, पण शस्त्रं देणं आणि शिकवणं तसा वापर ठरू शकतो, असा फरकही न्यायालयाने केला. मात्र कॉन्ट्रांनी केलेले अत्याचार अमेरिकेचेच म्हणून मोजायला न्यायालय तयार झालं नाही, कारण त्या त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण सिद्ध झालं नव्हतं. तरीही एका गोष्टीबद्दल अमेरिकेला दोषी धरलं: कॉन्ट्रांना दिलेली एक पुस्तिका, जिच्यात युद्धनियमांविरुद्ध वागायला उत्तेजन होतं. सरकारच्या मोठ्या धोरणाचा भाग म्हणून कुणीतरी बसून लिहिलेला तो अभ्यासक्रम होता.

हा निकाल देशाबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. सरकारने आंतरराष्ट्रीय बंधन मोडलं तर जाब सरकारला विचारला जातो. आक्रमणाचा गुन्हा देशाचं धोरण चालवणाऱ्यांवर लागतो, शिबिरात बंदूक साफ करायला शिकवणाऱ्या नायकावर नाही. म्हणून 'हे धोरण बेकायदा आहे असं मला वाटतं' हे कारण सांगून हुकूम नाकारलात, तर भारतात कुठलंही कोर्ट मार्शल ते ऐकून घेईल असं समजू नका. आर्मी ॲक्टच्या कलम 41 मध्ये 'कायदेशीर हुकूम' असा शब्द आहे, आणि कायदेशीर म्हणजे लष्करी कामाशी संबंधित, देणाऱ्याच्या अधिकारातला आणि कायद्याने सरळ निषिद्ध नसलेला. वर्ग घ्या, गाडी चालवा, कोठाराचा पहारा करा, हे हुकूम या कसोटीला उतरतात. ते उद्धटपणे, समोरासमोर धुडकावले तर 14 वर्षांपर्यंत कैद. नुसते मोडले तर ॲक्टिव्ह सर्व्हिसवर 14 आणि एरवी 5 वर्षांपर्यंत. सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट देणारी तरतूद आपल्या कायद्यात नाही.

मग नकाराला जागा कुठे आहे? विशिष्ट कृतीपाशी आहे. ती जागा अरुंद आहे, पण पक्की आहे. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांनंतर ठरलेलं तत्त्व असं की वरून हुकूम होता एवढ्याने माणूस सुटत नाही, जर त्याला दुसरा मार्ग खरोखर मोकळा होता. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 14, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 76, हुकुमावरून गोळी चालवणाऱ्या शिपायाला संरक्षण देतं, पण त्यातल्या उदाहरणाचे शब्द वाचा: हुकूम कायद्याच्या आज्ञेनुसार असला पाहिजे. शिवाय जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट 1960 चं कलम 3 आहे. त्यात गंभीर उल्लंघन करणाऱ्याबरोबर त्याला मदत किंवा चिथावणी देणाराही येतो, भारतात असो वा बाहेर. संरक्षित व्यक्तीचा हेतुपुरस्सर खून असेल तर फाशी किंवा जन्मठेप, बाकी गंभीर उल्लंघनांना 14 वर्षांपर्यंत कैद. हा कायदा प्रत्यक्षात फार वापरला गेलेला नाही आणि खटल्यासाठी सरकारची तक्रार लागते, तरी तो कायदा आहे. अंतर्गत यादवीतही चारही जिनिव्हा करारांचं सामायिक कलम 3 लागू राहतं: जो लढत नाही, ज्याने शस्त्र टाकलं, जो जखमी किंवा कैदी आहे, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस धरायचं नाही.

मदत करणाऱ्यावर दोष कधी येतो यावर बाहेरच्या न्यायालयांत बरीच चर्चा झाली. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना साहाय्य केल्याबद्दल 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली. गट काय करतोय हे माहीत असून मदत चालू ठेवली, हा त्यातला मुख्य धागा. उलट युगोस्लाव्ह सेनाप्रमुख पेरिशिच यांना आधी 27 वर्षं झाली आणि 2013 मध्ये अपिलात ते सुटले, कारण मदत नेमकी गुन्ह्यांकडे रोखलेली होती हे दिसत नाही असं युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या खंडपीठाला वाटलं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायाधिकरणाने दुसऱ्या प्रकरणात ही अट नाकारली. ही न्यायालयं तुमच्यावर खटला चालवणार नाहीत, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या रोम कराराचा भारत सदस्यही नाही. पण एक कसोटी त्यातून घ्यावी: तुम्हाला काय माहीत होतं, आणि ते कळल्यावर तुम्ही काय केलंत.

हे प्रत्यक्ष कामात कसं उतरतं ते सांगते, कारण सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच. शस्त्र हाताळणी, नकाशा वाचन, प्रथमोपचार, रेडिओ शिकवणं यात अडचण नाही. स्फोटकांच्या वर्गात प्रश्न सुरू होतो. पूल, दारूगोळ्याचं कोठार, लष्करी वाहन ही लक्ष्यं शिकवणं एक गोष्ट आहे. बस स्टँड, बाजार, दवाखाना हे नमुना लक्ष्य म्हणून पाठात आलं तर तो पाठ तुम्ही घ्यायचा नाही. भूसुरुंगांबद्दल तर स्पष्ट बंधन आहे. भारत भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारात नाही, पण घातक शस्त्रांविषयीच्या कराराच्या सुधारित दुसऱ्या प्रोटोकॉलचा सदस्य 1999 पासून आहे, आणि त्याचं कलम 8 सांगतं की सुरुंग एखादा देश किंवा त्याच्या अधिकृत यंत्रणेशिवाय कुणालाही हस्तांतरित करायचे नाहीत. म्हणजे बंडखोरांना सुरुंग सोपवा असा हुकूम आला, तर तो भारताने स्वतः स्वीकारलेल्या बंधनाविरुद्ध आहे असं तुम्ही नेमकं बोट ठेवून वर विचारू शकता. नेमकं बोट ठेवता आलं की तक्रारीचं वजन बदलतं.

वर्गात समोर बसलेला पोरगा 15-16 वर्षांचा वाटला, तर वयाचा प्रश्न लगेच वर कळवा. मुलांच्या युद्धातल्या वापराविरुद्धचा प्रोटोकॉल भारताने 2005 मध्ये मान्य केलाय, आणि सशस्त्र गटांनी 18 वर्षांखालची भरती करू नये असं तो सांगतो. कैदी आणला गेला तर तुमच्यासमोर तरी त्याला हात लागता कामा नये. 'त्यांचं ते बघून घेतील, तुम्ही बाहेर थांबा' असा हुकूम असेल, तर बाहेर थांबणं पुरेसं नाही. त्याच दिवशी कळवणं तुमचं काम आहे.

आणि कैद्यांचा पाठ अभ्यासक्रमात नसेल तर तो घालावा अशी मागणी करा. कुठला कमांडर ती फेटाळेल? फेटाळलीच, तर तीही नोंद झाली. जमल्यास हा पाठ पहिल्याच आठवड्यात घ्या, शेवटी नव्हे. माणूस बंदुकीबरोबर जे शिकतो ते टिकतं, समारोपाच्या भाषणातलं टिकत नाही. नोंदवहीचंही तसंच. प्रत्येक रायफलचा नंबर, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, तारीख, दिलेल्या आणि परत आलेल्या गोळ्या, रिकाम्या काडतुसांचा हिशेब. आपल्या कोतमध्ये (शस्त्रागारात) जसं चालतं तसंच, एक अक्षर कमी नाही. धोरण तुमच्या हातात नाही, पण वही, वर्ग आणि कैदी तुमच्या हातात आहेत, आणि मागच्या चाळीस वर्षांतली मोठी नुकसानं बघितली तर त्यातली बरीच याच तीन जागी सुरू झालीत.

आता नकार द्यायची वेळ आलीच तर तो कसा द्यायचा. आधी हुकूम स्पष्ट करून घ्या: "साहेब, नेमकं काय करायचं ते पुन्हा सांगावं, लेखी मिळालं तर बरं." निम्मे हुकूम इथेच बदलतात, कारण देणाऱ्यालाही ते कागदावर नको असतं. तरीही कायम राहिला तर शांतपणे, सावधान उभं राहून, फक्त त्या कृतीपुरतं बोला: "हे काम कायद्याविरुद्ध आहे असं मला वाटतं, ते मी करू शकत नाही, मला सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर उभं करावं." बाकीची ड्यूटी चालू ठेवायची. जागा सोडायची नाही, शस्त्र फेकायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि काहीही झालं तरी सेक्शनमधल्या दुसऱ्या कुणाला बरोबर घ्यायचं नाही. दोघांनी मिळून नकार दिला की आर्मी ॲक्टचं कलम 37, म्हणजे बंड, समोर येतं, आणि त्यात फाशीपर्यंत शिक्षा आहे. बेत कळूनही न कळवणाराही त्याच कलमात अडकतो. सामूहिक सह्यांचा अर्ज हा आपल्या कामगार चळवळीतून आलेल्या घरात नैसर्गिक वाटणारा मार्ग असेल; सैन्यात तो कधीही धरू नका.

हुकुमाआधीच्या किंवा सर्वसाधारण शंकेसाठी रस्ता वेगळा. पहिलं पाऊल कंपनी कमांडर, सुभेदार मेजर साहेबांमार्फत अर्जी. त्यानंतर कलम 26 खालची वैधानिक तक्रार: ती आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे जाते, तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. अधिकाऱ्यांसाठी कलम 27 आहे. पण ही दोन्ही कलमं तुमच्यावर व्यक्तिशः झालेल्या अन्यायासाठी आहेत. सरकारचं परराष्ट्र धोरण चुकतंय, हा त्यांचा विषय होऊ शकत नाही. 'मला अमुक तारखेला अमुक बेकायदा काम करायला सांगितलं आणि नकार दिल्यावर माझी पदोन्नती रोखली', हा होऊ शकतो. तक्रारीत ऐकीव काहीही लिहू नका. कलम 56 खाली खोटं माहीत असून दुसऱ्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर 5 वर्षांपर्यंत कैद आहे. तारीख, वेळ, जागा, कुणी काय म्हटलं, तिथे कोण उभं होतं, एवढंच. विशेषणं काढून टाका.

सहा महिने उत्तर आलं नाही, किंवा अंतिम उत्तर विरोधात आलं, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांसाठीचं न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. इथे मुंबईकर जवान दोन गोष्टींत चुकतात. घर मुंबईत आहे म्हणून मुंबई खंडपीठात अर्ज चालत नाही. सेवेत असताना जिथे पोस्टिंग आहे किंवा जिथे कारण घडलं तिथलं खंडपीठ लागतं. राहत्या जागेचा आधार निवृत्त किंवा सेवेतून गेलेल्यांना मिळतो. दुसरं, बदली आणि पोस्टिंग ट्रिब्युनलच्या कक्षेबाहेर आहे. 'मला त्या शिबिरावर पाठवू नका' अशी मागणी तिथे टिकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पण ऑपरेशनल पोस्टिंगमध्ये न्यायालयं हात घालायला नाखूश असतात, हे आधीच सांगितलेलं बरं.

फोटोवाल्यांबद्दल. चेहरा झाकलेला कागद आणि खाली गणवेश, असं भारतात केलंत तर आर्मी रूल्स 1954 च्या नियम 20 आणि 21 चा भंग होतो, आणि आर्मी ॲक्टच्या कलम 63 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात ठिकाण, तुकडी किंवा समोरचा गट ओळखू आला तर 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट लागतो. तुम्ही प्रश्न विचारताना युनिटचं नाव दिलं नाहीत, हे बरं केलंत. पोस्टिंगची जागाही पुढच्या संदेशात लिहू नका. नागरिक म्हणून मत व्यक्त करायची तुमची जागा मतदान आहे. फॉर्म 2 भरून सर्व्हिस व्होटर म्हणून नाव आहे का ते या रजेत तपासा, खूप जणांचं नसतं.

कागद नष्ट करायला सांगितलं तर काय, हेही लिहायला हवं. कॉन्ट्रांच्याच प्रकरणात मरीन लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ यांना 1989 मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, त्यात कागदपत्रं नष्ट करण्याचा आरोप होता. पुढे अपिलात ते निर्णय टिकले नाहीत, पण धडा टिकतो: वरचे लोक धोरणाबद्दल वाद घालत बसतात आणि खटला कागद फाडणाऱ्यावर उभा राहतो. नोंदवही जाळा, असा हुकूम तोंडी कधीही घेऊ नका.

तुमच्या घरच्यांच्या दृष्टीने एक गोष्ट. असं काम आलं तर मूव्हमेंट ऑर्डर घ्या आणि जाण्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (सेवेतल्या घडामोडींच्या अधिकृत नोंदीत) होतेय ना ते क्लार्ककडून बघा. जखम झाली किंवा बरंवाईट झालं तर अपंगत्व पेन्शन, उदारीकृत कुटुंब पेन्शन सगळं त्या नोंदीवर उभं असतं. नोंद नसेल तर घरच्यांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. सीमेपलीकडे साध्या कपड्यांत जायला सांगितलं, तर पकडल्यावर युद्धकैद्याचा दर्जा मिळण्याची शक्यता फार कमी होते, हेही समजून जा.

सैन्य सोडायचा विचार असेल तर आर्मी रूल्सच्या नियम 13 खाली स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागता येतो. तो हक्क नाही, मंजुरीवर आहे, आणि हुकूम हातात पडल्यानंतर केलेला अर्ज पळवाट म्हणून वाचला जातो. अग्निवीरांना चार वर्षं पुरी होण्याआधी अगदी अपवादानेच सोडतात.

वकिलाला भेटायचं ठरवलंत तर या रजेतच, समोरासमोर भेटा. व्हॉट्सॲपवर काही पाठवू नका. ओळखीचं कुणी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. येताना शिक्का असलेला, गुप्त दर्जाचा कुठलाही कागद किंवा त्याचा फोटो आणायचा नाही; वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असलं तरी असा कागद बाहेर काढणं त्याने माफ होत नाही. आणायचं ते एवढंच: नोकरीतल्या तारखांचा तुमच्या हाताने लिहिलेला क्रम, आधी दिलेल्या अर्जाची प्रत, आणि तो मिळाल्याची तारखेसह पोच.